टोपी वाळू द्यायची नाही

दहा मे, रविवार, दुपार. हजर: माझी मुलगी इरा, तिचे तीन मित्र आणि दारात उभी मी. गैरहजर: वीज, मधूनमधून.

परीक्षा संपल्या की दर वर्षी ही मंडळी आमच्या बैठकीत तळ ठोकतात. सोफा भिंतीला लावणे, कूलरमध्ये पाणी भरणे, फ्रिजमध्ये पन्हं आणि डब्यात शेव आहे ना ते बघणे, ही माझी कामं. बाकी मी मध्ये पडत नाही. ते एक खेळ खेळतात. त्याला पट नाही, पत्ते नाहीत. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट सांगायची, आणि त्या गोष्टीत आपलं पात्र काय करील ते आपण बोलायचं. जमलं की फसलं हे फासा ठरवतो. त्यांचा फासा वीस बाजूंचा आहे, जांभळा, काचेसारखा. त्या दुपारी तो घरंगळत लोखंडी कपाटाखाली गेला.

"आई, तुझी ती जुनी पिशवी दे ना. नंबरांची."

मी माळ्यावरून पिशवी काढून दिली. देताना सहज विचारलं, "या वेळी तू कोण झालीस?"

"रेडकॅप," इरा म्हणाली. "एकदम खतरनाक आहे यार. पऱ्यांच्या दुनियेतलाच, पण बुटका म्हातारा, मोठे दात, लोखंडी बूट. माणूस मारायचा आणि त्याच्या रक्तात टोपी बुडवायची. टोपी वाळली की खलास."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"पन्हं गरम होतंय," मी म्हटलं.

तिने पिशवी सतरंजीवर उपडी केली. लाकडी नंबर खडखडत पसरले. त्यांच्यातल्या एका मुलाने ते ओळीने लावायला घेतले. "काकू, यात एक कमी आहे."

"तेही माहीत आहे," मी म्हटलं आणि आत गेले. ओट्यावर कैऱ्यांच्या सालींचा ढीग होता. तो आवरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

उन्हाळा तसा दर वर्षी येतो. पण माझ्या हिशेबात उन्हाळा एकच आहे. बाकीचे सगळे त्याच्या बदलीवर येऊन गेले.

तेव्हा आम्ही परदेशीपुऱ्यात राहत होतो. बाबा गिरणीच्या टाईम ऑफिसात. त्यांचे आजोबा कारकुनी करायला म्हणून इंदूरला आले आणि कारकुनी आमच्या घरात वारशासारखी राहिली. माझ्याही हाताला याद्यांची सवय तिथूनच लागली. आमच्या खोल्यांची रांग गिरणीच्या भिंतीला लागून होती. हवेत सतत खळीचा वास, जरा आंबट, जरा शिजल्यासारखा. सूत विणायच्या आधी त्याला खळ देतात, तिचा. पाहुणे आले की नाक मुरडायचे. आम्हाला तो वास येतच नव्हता. तो पहिल्यांदा आला तो बंद झाल्यावर. कापसाचे बारीक तंतू मात्र दिसायचे. कडुनिंबाच्या पानांवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, पाळी सुटल्यावर घरी येणाऱ्या माणसांच्या भुवयांवर. सगळे पुरुष संध्याकाळी अर्धा तास म्हातारे दिसायचे, मग तोंड धुवून परत आपापल्या वयाचे व्हायचे.

घड्याळ कुणाकडे असलं तरी कुणी बघायचं नाही. भोंगा होता. भोंग्यावर चहा, भोंग्यावर शाळा, भोंग्यावर भांडण संपवून स्वयंपाकाला लागणं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत केबलची तार आली. कुणाच्या तरी गच्चीवरून कुणाच्या तरी गच्चीवर लोंबकळत, आणि तिच्यावर चिमण्या. वर्तमानपत्रात रोज लिहून यायचं की देशाची दारं उघडली. बाबा तो मजकूर मोठ्याने वाचायचे आणि मग पेपराची घडी घालून म्हणायचे, "आमच्याकडे कापसाच्या गाठी येणं कमी झालंय." दोन्ही वाक्यं ते एकाच आवाजात म्हणायचे.

खेळाचं पुस्तक आणलं आमच्या मावसभावाने. तो पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर होता. पुस्तक म्हणजे झेरॉक्सची जाडजूड चळत, स्पायरलने बांधलेली, मधली काही पानं गायब. सुटीत आला आणि जाताना विसरून गेला. माझा धाकटा भाऊ नंदू अकरावीत होता. त्याने डिक्शनरी घेऊन ते वाचून काढलं. पाठ्यपुस्तकाला त्याने कधी एवढा मान दिला नाही.

खेळायला आम्ही चौघं. नंदू गोष्ट सांगायचा आणि नियम बघायचा, म्हणून आम्ही त्याला जॉबर म्हणायला लागलो; गिरणीत खात्यातल्या माणसांवर देखरेख करतो तो जॉबर. मी वैदू झाले. राजू यादव, शेजारच्या खोलीतला, तिरंदाज. चौथा वसंत, समोरच्या रांगेतल्या गणपतकाकांचा मुलगा. आम्ही त्याला वश्या म्हणायचो. माझ्याहून वर्षाने मोठा. बारावीनंतर शिकला नाही, गिरणीत बदली कामगार लागला होता.

नंदूने पहिल्याच दिवशी सगळ्यांना कागद दिले. वर नाव, खाली जात, त्याखाली ताकद, अक्कल वगैरे.

"इथे पण जात?" वसंत म्हणाला.

"अबे फॉर्म भरवा रहा है क्या," राजू म्हणाला. "फोटो चिपकाना है?"

"तशी जात नाही रे. माणूस, बुटका, परी, राक्षस, असं. यातलं एक घ्यायचं."

वसंतने चळत मांडीवर घेतली आणि सावकाश पानं उलटली. एका चित्रावर थांबला. पडका बुरूज, त्याच्या पायरीवर बसलेला बुटका म्हातारा, नखं लांब, टोपीवरून काहीतरी ठिबकतंय. चित्र झेरॉक्समध्ये काळंच आलं होतं. लाल रंग आम्ही मनाने भरला. नंदूने वाचून अर्थ सांगितला. हा पडक्या, ओसाड जागांमध्ये राहतो. टोपी सतत ओली ठेवावी लागते. त्यासाठी मारावं लागतं. टोपी वाळली की हा मरतो.

वसंत मनापासून हसला. "म्हणजे बदलीवालाच की! लिही. मी हाच."

हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. इराला सांगावं लागेल. बदली म्हणजे जो कायम नाही तो. रोज सकाळी पास घेऊन फाटकाशी उभं राहायचं. साचेखात्यात एखादा कायम माणूस आला नाही, तर त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदलीवाला चढायचा आणि त्या दिवसाची हजेरी त्याची. सगळे आले, तर घरी परत. फार दिवस पासावर शिक्का पडला नाही की नाव कटायचं. हजेऱ्या पुरेशा साठल्या की एक दिवस कायम व्हायचं, निदान सगळे तसं म्हणायचे. वसंतच्या डोक्यात त्या वर्षी दुसरा विषय नव्हता. कायम झालो की हे, कायम झालो की ते. त्याने उंबरठ्याला रंग द्यायचं कामसुद्धा कायम होण्यावर ठेवलं होतं.

फाटकाशी नावं पुकारायचे आमचे बाबा. आणि ज्यांची नावं पुकारली जायची त्यांच्या हिशेबात कुणाला तरी ताप आलेला असायचा, कुणाचं कुणी गेलेलं असायचं. एकदा साचेखात्यातल्या एकाचा अपघात झाला म्हणून वसंतला सलग काम मिळालं. पहिल्या दिवशी तो त्याला बघायला दवाखान्यात गेला, सोबत मोसंबी. परत आल्यावर म्हणाला, "बरा होतोय तो." आणि मग त्याला स्वतःच्याच आवाजाची लाज वाटल्यासारखी झाली. नळावर बराच वेळ तोंड धूत राहिला.

वीस बाजूंचा फासा इंदुरात कुठे मिळणार? राजवाड्याजवळ खेळण्यांच्या दुकानात मी विचारलं, तर दुकानदार म्हणाला, "बेन, फासे को छे बाजू ही होवे है." मग मीच तोड काढली. घरी तंबोल्याचा जुना संच होता, लाकडी नंबरांचा. त्यातले एक ते वीस वेगळे काढले, गिरणीच्या कापडाच्या तुकड्याची पिशवी शिवली, नाडी ओवली. हात घाला, नंबर काढा, बघा, परत टाका. मोठा नंबर चांगला. इराची पिशवी ती हीच.

खेळाची हजेरीही मीच मांडायची. त्या हजेरीची गंमत अशी की वसंत दुपारी आमच्या ओट्यावर हजर असला, तर तो गिरणीत हजर नसायचा. तो येताना दिसला की आनंद व्हायचा आणि लगेच वाईट वाटायचं. तो आल्या आल्या विचारायचा, "कोण कोण हजर?" राजू म्हणायचा, "तू छोड के सब काम पे हैं भिया."

वसंतचा रेडकॅप आम्ही ज्या पद्धतीने खेळलो तसा जगात कुणी खेळला नसेल. तो कुणाला मारेना. वाटेत दरोडेखोर आले की राजूचा तिरंदाज बाण मारायचा, आणि हा मागे उभा. दरोडेखोर पडला की हा सावकाश जाऊन टोपी बुडवायचा. नंदू चिडायचा. "अरे तू रेडकॅप आहेस. रक्तपिपासू आहेस तू. झडप घाल!"

"अपन कुणाला मारत नाही," वसंत म्हणायचा. "कुणी पडलं का तेवढं बघतो."

"नियमात बसत नाही. तू मारलेला पाहिजे."

"माणूस तर गेला ना? मग रक्त कुणाच्या हिशेबात गेलं ते कोण बघतं?"

"मी बघतो. मी जॉबर आहे."

"पास दाखवू का?" वसंत म्हणायचा, आणि राजू हसून हसून ओट्यावरून खाली.

मग गणपतकाकांना खोकला सुरू झाला. साचेखात्यात जन्म काढलेल्या माणसाला खोकला येतोच, पण या वेळी रक्ताचा ठिपका दिसला म्हणून काकूंनी त्यांना घरी बसवलं. त्यांचा साचा रिकामा झाला. बाबांनी फाटकाशी नाव पुकारलं: वसंत गणपत. मुलगा बापाच्या साच्यावर चढला.

खेळाच्या हजेरीत वसंतसमोर गैरहजर, गैरहजर, गैरहजर असं लागत गेलं. आम्ही खूश. त्याच्या जागी मी त्याचं पात्र चालवायचे. खेळातही बदली लागते हे झेरॉक्समध्ये नव्हतं. ती आमची भर.

काकांचा खोकला पंधरवड्यात थांबला. काका कामावर गेले नाहीत.

समोरच्या खोलीचं दार दिवसभर ओढलेलं असायचं. आत काका गंजीफ्रॉक घालून खिडकीशी बसलेले. धडधाकट. खात्यातलं कुणी गल्लीतून जाताना दिसलं की खोकायला लागायचे. इतकं जोरात की काकू आतून ओरडायच्या, "अहो पुरे, खरं व्हायचं!" आम्हाला सगळं दिसत होतं. बाबांनाही दिसत होतं. ते रोज गणपत यांच्यासमोर आजारी लिहायचे आणि वसंतसमोर शिक्का मारायचे. जेवताना एकदा एवढंच म्हणाले, "बाप आपले दिवस मुलाला देतोय. देऊ दे." मग थोड्या वेळाने, "गाठी आजही आल्या नाहीत." ते त्यांनी काकांनाही सांगितलं होतं. काका हसले होते. "साहेब, भोंगा कधी बंद होतो का? उगाच घाबरवता."

घरी बसून काका कंटाळायचे. खिडकीतून आमचा खेळ बघायला लागले. एका दुपारी वसंतची साप्ताहिक सुटी होती, तोही होता.

"काय रे वश्या," काका तिथूनच म्हणाले, "तुझं सोंग कोणतं?"

वसंतने सांगितलं. पऱ्यांच्या कुळातला, असंही सांगितलं.

"परी? ही?" काकांनी खिडकीतून हात बाहेर काढून चित्र मागितलं, लांब धरून बघितलं. "हिच्यापेक्षा आमचा जॉबर देखणा." मग चित्र परत देताना त्यांनी विचारलं, "एक सांग नंदू. दुसऱ्याने आपणहून दिलं तर चालतं का? रक्त?"

नंदूने पानं उलटली. "तसं दिलेलं नाही पुस्तकात."

"नाही म्हणजे चालत नाही, का लिहायचं राहिलं?"

"मारलंच पाहिजे, काका. दिलेलं चालत नाही."

वसंत खाली बघून सतरंजीचा धागा ओढत होता. काकांचा खिडकीतला हात हळूच आत गेला.

नंदूवर मला राग धरता येत नाही. सोळा वर्षांचा होता, नियमांच्या प्रेमात होता. आता तो बंगळूरला आहे, मोठ्या कंपनीत लोकांना कामावरून काढतानाचे नियम लिहितो. चांगले लिहीत असणार.

मग एक दिवस भोंगा झाला नाही. गल्लीत कुणाचंही दूध वेळेवर उतरलं नाही. सगळीकडे उतू गेल्याचा वास. माणसं फाटकाकडे गेली. फाटकावर कुलूप, कुलपावर कागद. बाबा आत नव्हते, बाहेर उभे होते, आणि हातात नावांची यादी नसल्यामुळे त्यांना हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. कुणी घोषणा दिल्या. कुणी म्हणालं आठ दिवसांत उघडेल. माणसं घरी आली आणि भर दुपारी ओट्यांवर बसली. इतके पुरुष उन्हात एकदम मी पहिल्यांदा पाहिले. भुवया काळ्या. सगळे तरुण दिसत होते. फार वाईट दिसत होतं ते.

दुपारी आम्ही खेळायला बसलो. दुसरं काय करणार होतो? पहिल्यांदाच हजेरी पूर्ण लागली: नंदू, राजू, मी, वसंत. वसंतने आल्या आल्या विचारलं नाही, कोण कोण हजर.

गोष्टीत आम्ही पडक्या बुरुजाशी पोचलो होतो. आत खजिना, दारात एक म्हातारा पहारेकरी, झोपलेला. आणि रेडकॅपची टोपी वाळत आली होती. बरेच दिवस वसंत गैरहजर, मी बदलीवर, मीही कुणाला मारलं नव्हतं. नंदूने जॉबरच्या आवाजात सांगितलं, "आता शेवटची वेळ. पहारेकऱ्याला मार, टोपी बुडव. नाहीतर नंबर काढ. पंधरा किंवा वर आला तर कोरड्या टोपीवर जगशील. खाली आला तर संपलास."

"जगलो तर?"

"जगलास तर कायमचा सुटलास. परत कधी बुडवायला नको."

"कायमचा," वसंत म्हणाला.

"मार ना भिया," राजू कुजबुजला. "सो रहा है, पता भी नहीं चलेगा."

"झोपलेल्याला नाही." वसंतने पिशवीत हात घातला. नेहमी तो पटकन काढायचा. त्या दिवशी त्याचा हात आत खूप वेळ फिरत होता. लाकडं एकमेकांवर घासल्याचा आवाज येत राहिला. मग मूठ बाहेर आली.

तेवढ्यात गणपतकाका फाटकाकडून आले. शर्टाची बटणं चुकीची लागलेली. ओट्यापाशी थांबले. युनियनची माणसं कायम कामगारांची नावं उतरवून घेत होती. काका रांगेत उभे राहिले होते. "मला म्हणाले, तुम्ही तर कित्येक दिवस हजरच नाही. तुमचं नाव आजारीत आहे, ते वेगळं बघावं लागेल." त्यांनी वसंतकडे बघितलं. "आणि तुझं विचारलं. म्हणाले, बदलीवाल्यांचं अजून काही ठरलेलं नाही." ते थोडं हसले. "दोघंही नाही बघ. एक साचा, माणसं दोन, आणि दोघंही नाही."

वसंत उठला. चपला न घालता बापाबरोबर समोरच्या खोलीत गेला. मूठ मिटलेलीच होती. दार लागलं.

"अरे नंबर!" नंदू ओरडला. राजूने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

पिशवी आवरणं माझं काम. मी नंबर ओळीने लावले, सवयीने. कोणता नाही ते लगेच कळलं. सतरा.

रेडकॅप जगला होता. कोरड्या टोपीवर, कुणाला न मारता. मी नंदूला सांगितलं नाही, कारण वसंत स्वतःच येऊन सांगेल असं वाटलं. त्याच्याच मुठीत होता ना. पण खेळ परत जमला नाही. थोड्याच दिवसांत एका ठेकेदाराच्या मॅटाडोरमधून तो पिथमपूरच्या नव्या कारखान्यात जायला लागला, रोजंदारीवर, पहाटे. काकांचं नाव आजारीतून उठवायला काकू वर्षानुवर्षं कुठल्या कुठल्या खिडक्यांशी उभ्या राहिल्या. काका मात्र परत कधी खोकले नाहीत. जोरात बोललेही नाहीत. ते गेले तेव्हा आम्ही ती गल्ली सोडली होती. कळलं ते तेराव्यानंतर.

लोक म्हणतात शहर केवढं सुधारलं. सुधारलंच. रस्ते धुतलेले असतात, कचऱ्याच्या गाडीवर गाणं वाजतं आणि घड्याळासारखं वेळेवर वाजतं. मी कधी कधी त्या गाण्यावर दूध उतरवते आणि मग स्वतःचाच राग येतो.

गेल्या वर्षी जूनच्या आधी आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी साफ करून घ्यायची होती. सेक्रेटरी मी. लिफ्टमध्ये कुणीतरी चिकटवलेल्या कागदावर लेबर सप्लायचा नंबर होता. पत्ता परदेशीपुऱ्याचा निघाला, म्हणून फोन न करता सकाळी स्वतःच गेले. रस्त्याला लागून काचेचं दार, एसी, गणपतीचा फोटो. बाहेर फुटपाथवर तीस-चाळीस पोरं, हातात डबे, पाठीला पिशव्या, सगळ्यांचे डोळे त्या दाराकडे. ते डोळे मी ओळखले. मग आतला माणूस ओळखला.

"वसंतराव," मी म्हटलं.

त्याने मान वर केली. पोट सुटलेलं, केसांना रंग, चष्मा. "संध्या? अगं वश्या म्हण ना यार! बस बस. छोटू... नको, थांब." त्याने स्वतः उठून मला खुर्ची दिली. "पोहे मागवू? जलेबी? नाही म्हणू नको, इंदूरचीच आहेस ना अजून?"

पोहे आले. जिरावण मसाला घालून आले, शेव वर. आम्ही आईबद्दल, काकूंबद्दल, नंदूबद्दल बोललो. मध्येच फोन वाजला. वसंत फोनवर म्हणाला, "कितने कम हैं? तीन? भेजता हूँ. हाँ हाँ, अभी के अभी." दार अर्धं उघडून त्याने बोट दाखवलं. "तू, तू, आणि निळा शर्ट. चलो. बाकी बैठो." तिघं धावले. बाकीचे बसले नाहीत, उभेच राहिले.

माझं बघणं त्याने बघितलं असावं. "काय बघते? रोज कुणी ना कुणी येत नाही, संध्या. कुणाला ताप, कुणाची बायको अडली, कुणी गावी गेला. कंपनीला तेवढी माणसं लागतातच. जगातली गैरहजेरी काही संपत नाही. अपन त्यावर तीन मजले बांधले." मग हसून म्हणाला, "मी कुणाला मारत नाही. कुणी पडलं का तेवढं बघतो."

ते वाक्य आठवून तो बोलला, की ते त्याच्या तोंडात आपसूक राहून गेलं होतं, मला कळलं नाही.

"ती सोंगटी आहे का रे तुझ्याकडे?" मी विचारलं. "तंबोल्याची. त्या दिवशी मुठीत घेऊन गेलास ती."

"अरे बापरे, तुझा हिशेब अजून चालूच आहे." तो चष्मा पुसायला लागला. "त्याच संध्याकाळी नाल्यात फेकली. पुलावरून."

"काय आला होता नंबर?"

"बघितला कुणी? मूठच उघडली नाही. जिंकलो असतो तरी काय, हरलो असतो तरी काय. गिरणी थोडीच चालू होणार होती?" चष्मा लावून त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "मेलाच असणार ना तो. आपलं नशीब तेव्हा कसलं चालू होतं."

सतरा, हा एवढाच शब्द होता. माझ्या तोंडात पोहे होते, ते गिळले. तेवढ्यात परत फोन वाजला, परत दार उघडलं, परत बोट. या खेपेला एकच लागत होता आणि दोघं धावले होते. मागे राहिलेल्याने डबा या हातातून त्या हातात घेतला. बस, एवढंच.

"बोल, तुला किती माणसं?" वसंतने विचारलं.

"दोन," मी म्हटलं. "टाकी साफ करायला."

"चांगली देतो. तुझ्याकडे जायचं म्हणजे." त्याने स्वतः बाहेर जाऊन निवडून दिले. त्यांनी टाकी खरोखर स्वच्छ केली.

घरी आल्यापासून मी या गोष्टीचा विचार एखाद्या कामासारखा करायचा प्रयत्न केला आहे. सांगून फायदा काय, न सांगून तोटा काय. त्याने मूठ उघडली नाही हे खरं धरलं, तर तीस वर्षं तो मेलेल्या माणसासारखा जगला आणि मेलेल्याला काय माफ नसतं? उघडली होती आणि मला खोटं सांगितलं असेल, तर सुटका हातात असून त्याने ती नाल्यात टाकली. यातलं कोणतं जास्त कडू आहे ते मला ठरवता येत नाही. आणि पंधरा किंवा वरच्या नंबरावर सुटका होते हा नियम एका सोळा वर्षांच्या पोराने आमच्या ओट्यावर ऐनवेळी बनवला होता. या शहरात तो कुठे लागू होता? हे सगळं मला कळतं. तरी तो आकडा जिभेवर आहे.

बैठकीतून आरडाओरडा आला. इराच्या रेडकॅपने कुणालातरी मारलं होतं, सगळे टाळ्या वाजवत होते. मग ती पिशवी घेऊन आत आली. "आई, हा सतरा नंबर हरवलाय ना? मी पुठ्ठ्याचा कापून टाकू का एक? दोन मिनिटांचं काम आहे."

"नको," मी म्हटलं.

"का पण?"

"सतरा कुणाला तरी आलेला आहे."

तिने माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि गेली.

जून जवळ आला आहे. फ्रिजवरच्या यादीत या आठवड्याची कामं आहेत. कूलरची खस बदलणे: झालं. इराचा परीक्षेचा फॉर्म: झालं. टाकी साफ करायला वसंतकडून दोन माणसं: काल फोन केला, त्याने आवाज ओळखून विचारलं, "कोण कोण हजर?" मी हसले, माणसं गुरुवारी येणार आहेत, झालं. त्याच्या खाली गेल्या वर्षीच्या यादीतून उतरवून घेतलेली एक ओळ आहे: वसंतला सांगणे, सतरा होता. ती तशीच आहे.